आपत्कालीन हॅम डेटा जाळं (बेळगाव सीमाभाग)

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन लायसन काढलेले हौशी रेडिओ ऑपरेटर. अशा लोकांनी स्वतःच्या पैशाने आपापल्या गच्चीवर डिश, राउटर आणि बॅटरी बसवून एकमेकांना जोडलेलं वायरलेस जाळं म्हणजे आपत्कालीन हॅम डेटा जाळं. त्याला मोबाइल कंपनी लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि नीट बांधलेलं असेल तर लाइट गेली तरी चालतं. बोलताना सगळे याला नुसतं 'मेश' म्हणतात. जाळ्यातल्या एकेका ठिकाणाला नोड म्हणतात. प्रत्येक नोड शेजारच्या नोडशी बोलत असतो, मधला एखादा बंद पडला की निरोप दुसऱ्या वाटेने फिरून जातो, आणि ती वाट शोधायचं काम राउटरमधलं सॉफ्टवेअरच करतं, माणसाला मध्ये पडावं लागत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही, कारण इथे पूर येतो आणि तो दोन राज्यांतून येतो.

पाणी एका राज्यात पडतं, चढतं दुसऱ्या राज्यात

दूधगंगेवर काळम्मावाडी धरण, वेदगंगेवर पाटगाव, भोगावतीवर राधानगरी, कृष्णेच्या वरच्या अंगाला कोयना, ही सगळी धरणं महाराष्ट्रात, आणि त्यांचं पाणी उतरतं निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग भागात. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते, पुढे घटप्रभेला मिळते, मग गोकाक. जुलैत पाऊस दोन-चार दिवस धरून बसला की कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे बंधारे आणि पूल एकामागोमाग पाण्याखाली जातात आणि पलीकडचं गाव नकाशावर दोन किलोमीटर असलं तरी रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर लांब होतं. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथल्या नदीकाठच्या कुठल्याही घरात विचारली तर कुठल्या साली पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोट दाखवून सांगतात. २०१९ आणि २०२१ ला तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळूर हायवेवर आलं आणि हायवेच बंद झाला.

अशा वेळी खालच्या गावाला हवा असतो आकडा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीला आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५. हे आकडे कर्नाटकच्या बाजूला वेळेवर कळले तर कल्लोळच्या माणसाला जनावरं कधी सोडायची ते ठरवता येतं. एरवी हे सगळं मोबाइलवर दिसतं, पण टॉवर चालतो लाइटवर, लाइट गेली की बॅटरीवर काही तास आणि मग डिझेलवर, आणि रस्ताच पाण्याखाली असेल तर डिझेल पोचवणार कोण. फायबरची केबल पण बहुतेक वेळा पुलाच्या कडेनेच नेलेली असते, पुलाला धोका झाला की तिलाही झाला.

नुसतं बोलून का भागत नाही

हॅमचं जुनं आणि भरवशाचं हत्यार म्हणजे हातातला व्हीएचएफ सेट, म्हणजे वॉकीटॉकी, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅमनी हेच काम करून दाखवलं. त्सुनामीच्या वेळी तर हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची टीम आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला होती म्हणून संपर्क राहिला. आवाजाला पर्याय नाही हे खरंच आहे, घाबरलेल्या माणसाला पलीकडून माणसाचाच आवाज लागतो.

पण एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. समजा एका शाळेत दोनशे माणसं आणून ठेवली आहेत आणि त्यांची यादी कलेक्टर ऑफिसला द्यायची आहे. एक जण वाचतोय, दुसरा लिहून घेतोय, अर्धी आडनावं मराठी अर्धी कन्नड, पाटील तर पंचवीस, त्यातले सात जण मारुती, आणि लिहून घेणाऱ्याने ऐकताना वय चुकवलं की संपलं. तासभर चॅनेल अडकून राहतं आणि त्या तासात जर कोणाला बोट हवी असेल तर त्याचा आवाज मध्ये घुसणार कसा? तीच यादी मेशवर फाइल म्हणून एका सेकंदात जाते, जशी लिहिली तशीच पोचते. बंधाऱ्याचा फोटो जातो, औषधांची चिठ्ठी जाते, नोडला साधा आयपी फोन, म्हणजे नेटवर्कवर चालणारा फोन, जोडला तर गच्चीवरून गच्चीवर फोनही लागतो.

कुठून आलं

साधारण २०१० च्या आसपास अमेरिकेत टेक्सासच्या काही हॅमनी घरगुती वायफायचे लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी राउटर घेतले, त्यातलं सॉफ्टवेअर बदललं आणि त्यांचं मेश केलं. आधी त्याला एचएसएमएम-मेश म्हणत, नंतर ब्रॉडबँड-हॅमनेट, आणि २०१५ च्या सुमारास त्यातूनच वेगळा होऊन एआरईडीएन हा प्रकल्प निघाला, जो आज सगळ्यात जास्त वापरात आहे. हे सॉफ्टवेअर राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, फुकट आहे, आणि युबिक्विटी, मायक्रोटिक, टीपी-लिंक यांच्या ठरावीक मॉडेलवर चढतं, म्हणजे गावातला केबलवाला इंटरनेट द्यायला जी डिश वापरतो साधारण तीच. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे हॅमनेट नावाचं वेगळं मोठं जाळं आहे.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. अमेरिकेतले हॅम २.४ गिगाहर्ट्झच्या खाली, जिथे घरगुती वायफाय नसतं, तिथे सरकून काम करतात कारण त्यांच्या कायद्यात तो पट्टा हॅमना दिलेला आहे. तिकडचे व्हिडिओ बघून तेच सेटिंग इथे लावू नये. आपल्याकडे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून लायसनशिवाय खुला आहे, अँटेनातून निघणारी ताकद ४ वॅटपर्यंत, आणि ५ गिगाहर्ट्झमधलेही मोठे पट्टे २०१८ मध्ये खुले झाले. त्यात बसून बरंच काही करता येतं.

लायसन आणि नियम

भारतात हॅमचं लायसन केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातला डब्ल्यूपीसी विभाग देतो, परीक्षा घेऊन, वयाची अट १२ वर्षं पूर्ण. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतो आणि जनरलला व्हीयू२ ने. लायसन केंद्राचं असल्यामुळे बेळगावचा हॅम आणि कोल्हापूरचा हॅम एकाच नियमाखाली येतात, मध्ये राज्याची हद्द येत नाही. सीमाभागात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. इथे साधा दाखला काढायचा तरी कुठल्या भाषेतला अर्ज हा प्रश्न पडतो, आणि रेडिओच्या बाबतीत मात्र कागल आणि निपाणी शेजारी ते शेजारीच राहतात.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचं २५ वं कलम देशादेशांतल्या हॅम संपर्काबद्दल दोन कामाच्या गोष्टी सांगतं. हॅम चॅनेलवरून तिऱ्हाइताचा निरोप फक्त आपत्तीत किंवा मदतकार्यात न्यायचा, आणि मजकूर लपवण्यासाठी कोड करायचा नाही. तीच शिस्त धरायची, आणि हॅम म्हणून चालवलेल्या मेशवर जे जातं ते कोणीही वाचू शकतो असं धरूनच चालायचं. वरच्या उदाहरणातली शाळेतली यादी, कोणाला काय आजार आहे, कुठल्या घरात बायका-मुलं एकटीच आहेत, असली माहिती उघड्यावर टाकू नये. ती खुल्या पट्ट्यात पासवर्ड लावलेल्या साध्या वायफाय लिंकवरून पाठवावी आणि हॅम चॅनेलवर फक्त आकडे ठेवावेत, किती माणसं, किती पाणी, किती पिठाची पोती. माझ्या मते हे नियम पाळण्यापुरतं नाही, त्या माणसांच्या अब्रूचा प्रश्न आहे.

उंची, झाडं आणि नजर

५ गिगाहर्ट्झची लहर डोळ्यासारखी असते, समोरचं दिसलं पाहिजे. आणि नुसतं दिसून भागत नाही, दोन डिशच्या मधल्या रेषेभोवती मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. १० किलोमीटरच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर या झोनची त्रिज्या साधारण साडेअकरा मीटर येते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे रेषेच्या खाली सातेक मीटर तरी काही नको. पृथ्वीचा बाक पण येतो, १० किलोमीटरला दीड मीटर, ३० किलोमीटरला तेरा मीटर.

या हिशोबाने बघितलं तर आपला भाग चांगला आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर, येळ्ळूरचा राजहंसगड शहराच्या डोक्यावर उभा, संकेश्वरजवळ वल्लभगड, निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट, ज्याच्या माथ्यावरून खाली निपाणी पसरलेली दिसते. बेळगाव ते निपाणी रस्त्याने ७५ किलोमीटरच्या आसपास, एका उडीत जमणार नाही, पण अशा उंच जागा धरत टप्प्याटप्प्याने नेलं तर नकाशावर तरी रेषा बसते. गडावर काही लावायचं तर आधी रीतसर परवानगी लागते, म्हणून शाळा, दूध डेअरी, मठ, देवस्थान, साखर कारखाना यांची उंच छपरं जास्त उपयोगाची. खरं सांगायचं तर असं जाळं डिशवर कमी आणि "चढा वर, लावा" म्हणणाऱ्या माणसावर जास्त उभं असतं.

खानापूरची गोष्ट वेगळी. जांबोटी, कणकुंबी, लोंढा भाग म्हणजे दाट जंगल, प्रचंड पाऊस, आणि सागवान. सागाची पानं उन्हाळ्यात झडलेली असतात. एप्रिलमध्ये फांद्यांमधून लिंक टेस्ट केली, सिग्नल झकास आला, सगळे खूश होऊन घरी गेले, आणि जूनमध्ये त्याच सागाला हातभर रुंद पानं फुटली, वर पावसाने ओली झाली की लिंक मेली. ओलं पान म्हणजे पाण्याचा पडदाच. म्हणून जंगलपट्ट्यात टेस्ट पावसाळ्यातच करायची, छत्री धरून का होईना.

तिथे दुसरं साधन जास्त कामाचं, लोरा रेडिओ, मेशटॅस्टिक सॉफ्टवेअरवाले छोटे डबे. हे आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात चालतात, झाडातून जरा बरे जातात, हॅम लायसन लागत नाही, पण फक्त छोटे टेक्स्ट मेसेज. एक मेसेज दोनशे-सव्वादोनशे बाइटचा. आता देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा धरून, कन्नडचंही तसंच, म्हणजे आपल्या भाषेत सत्तरेक चिन्हांत निरोप संपवायचा. "कल्लोळ पूल बुडाला, ४० माणसं शाळेत, पाणी चढायलंय" एवढं बसतं. असे ठरलेले निरोप आधीच लिहून ठेवलेले बरे.

याशिवाय १४४ मेगाहर्ट्झवर १२०० बिट्सच्या वेगाने चालणारं एपीआरएस आहे, गाडी किंवा बोट कुठे आहे ते दाखवायला, आणि शॉर्टवेव्हवरून ईमेल नेणारं विनलिंक आहे. सगळं एकाच साधनावर टाकू नये.

वीज आणि पाणी

एक नोड साधारण ८ वॅट खातो. दिवसाचे १९२ वॅट-तास. घरातली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी अर्धीच वापरायची धरली तरी ९०० वॅट-तास देते, म्हणजे नोड साडेचार दिवस चालतो. पण इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून परत अडॅप्टरने खाली आणलं तर इन्व्हर्टर स्वतःच बरीच वीज खातो. बॅटरीवरून थेट डीसी घ्यावं. बऱ्याच डिशला २४ व्होल्ट पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच दिलेली वीज, लागतं, त्यासाठी १२ चं २४ करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, मध्ये फ्यूज टाकायला विसरू नये.

अनगोळला आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी जुलैत नोड अचानक बंद झाला. बॅटरी ठीक, डिश ठीक, दोन दिवस सॉफ्टवेअर चाळत बसलो. शेवटी खाली खोलीतला पीओईचा डबा उचलला तर आतून पाणी टपकायला लागलं. केबल वरून सरळ उतरत आत आलेली, वरचं टोक उघडं, पाणी केबलच्या आतून नळीसारखं खाली आलेलं आणि केबलच्या आरजे४५ प्लगच्या दातांवर हिरवा थर चढलेला. तेव्हापासून केबल डिशखाली आधी खाली वळवून मग वर घेतो, वळणाला थेंब सुटतात, आणि टोकाला स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळतो, साध्या काळ्या टेपचा डिंक इथल्या उन्हात वितळून जातो.

उभं केल्यावर

जाळं पुराच्या दिवशी उभं करता येत नाही, हे एवढं तरी सगळ्यांनी धरून ठेवावं. त्या दिवशी शिडी लावायला कोणी नसतं, वारा असतो, रस्ता नसतो. महिन्यातला एक रविवार ठरवून मेन स्विच खाली पाडायचा, इंटरनेट काढायचं आणि एक खोटी यादी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठवून बघायची, ती कन्नडमध्ये पण पाठवायची कारण कंट्रोल रूममधला माणूस ती वाचणार आहे. नोड चालवणारा एकटा हॅम असेल तर घरातल्या कोणाला तरी, वहिनी असो की कॉलेजला जाणारा पुतण्या, कुठला दिवा हिरवा हवा आणि कुठली वायर काढायची नाही एवढं दाखवून ठेवायचं, तो स्वतः त्या दिवशी पुण्याला असू शकतो.

मे अखेरीला टेप, केबल, बॅटरीचं पाणी आणि खांबाचे नटबोल्ट बघून होतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की प्रत्येक लिंकचा सिग्नल वहीत लिहायचा, एप्रिलच्या आकड्याशेजारी. जिथे दहा डेसिबलपेक्षा जास्त फरक पडलाय तिथे दुसऱ्या दिवशी चढून बघायचं, नद्या अजून पात्रात असतात तोवर.