हात पोचेल तिथवरच रूळ

मॉडेल रेल्वेची गाडी अडते ती बहुतेक वेळा सगळ्यात मागच्या बोगद्यात, भिंतीला लागून. यात नशिबाचा काही भाग नाही. तिथला रूळ वाकून, एका हाताने, नीट न दिसता बसवलेला असतो. वर डोंगर चढला की तो पुसला जात नाही. सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाच्या, सरकत्या पातीखाली चुऱ्याचा एक कण गेला तरी पाती पूर्ण टेकत नाही आणि चाक दोन्ही रुळांच्या मधे उतरतं. पुढच्या कडेलाही हेच होतं, पण तिथे बोटाने डबा उचलून पुन्हा ठेवायला पाच सेकंद लागतात. मागे तेवढ्यासाठी डोंगर फोडावा लागतो.

म्हणून लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, आखताना पहिला नियम हाच: जिथे हात पोचत नाही तिथे रूळ टाकू नये. आज साधी वाटणारी ही गोष्ट रुजायला या छंदाला ऐंशी वर्षं लागली.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे, एकमेकांत बसणारे रूळ मांडले. त्यातला एक नंबरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४५ मिलिमीटरचा. पुढे ३२ मिलिमीटरचा शून्य गेज आला. हे रूळ जमिनीवर मांडायचे आणि खेळ संपला की पेटीत भरायचे. गुडघ्यावर बसलं की सगळं हाताशी.

१९३५ च्या सुमारास ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी शून्याच्या निम्म्या मापाच्या, १६.५ मिलिमीटर गेजच्या गाड्या आणल्या. यातूनच ‘एचओ’ म्हणजे १:८७ हे प्रमाण रुळलं. गाडी लहान झाली तशी जमिनीवरून टेबलावर आली आणि रूळ कायमचे ठोकले जाऊ लागले. खरी अडचण इथून सुरू झाली, कारण टेबल केवढं हे रेल्वेने ठरवलं नाही, प्लायवूडच्या आठ बाय चार फुटी शीटने ठरवलं. शीट सुतारासाठी सोयीचं, पण मागची बाजू भिंतीला लावली की शेवटचा रूळ कडेपासून ११५ सेंटिमीटरवर जातो. खांद्यापासून बोटापर्यंत मोठ्या माणसाचा हात साधारण ७० सेंटिमीटर. टेबल टेनिसचं टेबल याहून बरं: रुंदी १५२.५ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी फिरता आलं तर मध्य ७६ सेंटिमीटरवर येतो. हात जेमतेम पोचतो, तोही कंबरेतून वाकून, आणि वाकताना शर्टाची बटणं पुढच्या सिग्नलांना लागतात.

पुढची तीस वर्षं बटणांची पाटी एका जागी ठेवण्याची पद्धत होती. चालवणारा मधल्या खड्ड्यात किंवा उंच खुर्चीवर बसणार, तारा सगळ्या त्याच्याकडे जाणार. माणूस जागचा हलत नाही म्हटल्यावर रूळ वाटेल तेवढे दूर गेले. मागे पोचायला डोंगरात झाकण कापायचं आणि टेबलाखालून रांगत जाऊन डोकं वर काढायचं, हा त्यावरचा तोडगा. पंचविशीत तो चालतो, पन्नाशीत गुडघे नाही म्हणतात. आमचं मत स्पष्ट आहे: झाकण हे अपघातापुरतं असावं. ज्या सांध्यापर्यंत रोज जावं लागतं तो झाकणाखाली असेल तर आराखडा चुकला आहे.

वळण आलं ते १९६० च्या दशकात, ट्रान्झिस्टरमुळे. हातात मावणारा कंट्रोलर तारेने जोडून गाडीबरोबर चालता येऊ लागलं. चालायचं तर वाट हवी, वाट काढली की टेबल अरुंद होतं, आणि अरुंद टेबलावर सगळे रूळ आपोआप हाताशी येतात. त्याच सुमारास लिन वेस्टकॉट या अमेरिकन मॉडेलकाराने इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आडव्या तुळयांचा सांगाडा रूढ केला. त्यातले सगळे स्क्रू खालून बसतात, त्यामुळे वर डोंगर तयार झाल्यावरही रुळाचा आधार खालून सोडवून वर-खाली करता येतो. रुळाला खालूनही हात लागतो, हे या पद्धतीत पहिल्यांदा जमलं. १९९० च्या दशकात डिजिटल कंट्रोल आलं. जर्मनीच्या लेन्झ कंपनीची पद्धत पायाला घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने त्याचं मानक ठरवलं. दोन तारांवर अनेक गाड्या, प्रत्येकाच्या हातात एकेक कंट्रोलर, आणि मधली पाटी बाद.

आता हे माप आपल्या घरात लावून पाहू. सातारा-सांगलीकडे छंदाला मिळते ती माडीवरची दहा बाय बारा फुटांची खोली. तिच्या मधोमध आठ बाय चारचं टेबल ठेवलं तर लांबीच्या दोन्ही टोकांना ६१ सेंटिमीटरची वाट उरते, आणि ४५ सेंटिमीटर त्रिज्येचा एक पूर्ण फेरा होतो जेमतेम पावणेसहा मीटर. त्याच खोलीत चारी भिंतींना ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी लावली तर कोपरे ५० सेंटिमीटर त्रिज्येने वळवूनही फेरा पावणेअकरा मीटरचा होतो, आणि मधे उभं राहायला २.७ बाय २.१ मीटर मोकळी जागा उरते. रूळ जवळजवळ दुप्पट, आणि सगळा हाताशी.

फळीची उंची ९० सेंटिमीटर असेल तर ७५ सेंटिमीटरपर्यंत हात जातो. उंची १२० केली तर गाडी डोळ्यासमोर येते आणि सुंदर दिसते, पण वाकता येत नाही, म्हणून रुंदी ६० च्या वर नेऊ नये. फसगत होते ती कोपऱ्यात. ६० सेंटिमीटरच्या दोन फळ्या काटकोनात मिळाल्या की आतल्या टोकापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत अंतर ८५ सेंटिमीटर होतं. कोपऱ्यात साधा वाकडा रूळ चालेल, सांधा नको. व्हीलचेअरवरून चालवणाऱ्यासाठी फळी ७५ ते ९० सेंटिमीटर उंच, खाली गुडघ्यांना ७० सेंटिमीटर मोकळं, रुंदी ५० च्या आत, वाट ९० ची आणि वळायला दीड मीटर जागा लागते.

दारावरून जाणारा तुकडा उचलता येईल असा करायचा. दोन्ही टोकांना रुळाखाली पितळी स्क्रू बसवून रूळ त्यावर सोल्डर करायचा आणि मग दोन्ही एकदम कापायचे, म्हणजे टोकं हलत नाहीत. खालून टॉवर बोल्ट. बोल्ट सरकला की या तुकड्याआधीच्या एका गाडीच्या लांबीचा वीजपुरवठा बंद व्हायलाच हवा, नाहीतर इंजिन थेट जमिनीवर जातं.

लपवलेल्या यार्डाचं, म्हणजे फळीखाली गाड्या उभ्या ठेवायच्या जागेचं, गणित वेगळं आहे. गाडीला वरच्या फळीखाली साडेसात सेंटिमीटर पुरतात. हाताला आडवा पडलेला डबा उचलायला मात्र वीस लागतात. दोन टक्के चढाने वीस सेंटिमीटर वर यायला दहा मीटर रूळ जातो, म्हणजे आपल्या खोलीतला जवळजवळ पूर्ण फेरा. एवढा रूळ नसेल तर यार्ड लपवू नये. उघड्यावर, एखाद्या कमी उंचीच्या गोदामाच्या रांगेमागे ठेवावं.

आपल्याकडे हात पोचण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, ती उसामुळे. हंगामात पाचट पेटलं की काळी, कागदासारखी राख खिडकीतून आत येते. एक पापुद्रा रुळावर पडला की चाक तो दाबून तेलकट काळी रेघ ओढतं, आणि पुढच्या फेरीत इंजिन तिथेच गचके खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती फडक्याने दर आठवड्याला पुसावं. पॉलिशपेपर वापरला की ओरखडे पडतात आणि काजळी त्यांत घर करते. साताऱ्याच्या पावसाळ्यात प्लाय ओल पितो. वरून रंग आणि खालून कोरा ठेवला तर तो वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत.

सांगलीत आणखी एक हिशोब धरावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. तळमजल्यावर लेआउट करायचा तर तो सुट्या तुकड्यांचाच हवा. १९७३ पासून अमेरिकेत एन (९ मिलिमीटर) गेजसाठी चार बाय दोन फुटी तुकड्यांचं मानक चालत आलं आहे. तेच माप इथे कामाला येतं. ९ मिलिमीटर प्लाय आणि दोन बाय एक इंची पट्ट्यांचा असा तुकडा रूळ-डोंगरासह दहा किलोच्या आसपास भरतो आणि एक माणूस तो जिन्यावरून नेऊ शकतो. तारा तुकड्यागणिक प्लगने जोडलेल्या हव्यात. ऐन वेळी कात्री शोधायला वेळ नसतो.

आणि विषय इथलाच घ्यायचा असेल तर मिरजेसारखं स्टेशन नाही. पुण्याहून येणारी लाइन आधी मीटरगेज होती. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला सुरू झाली आणि १९२७ ला मिरजेपर्यंत आली. पुढे ब्रॉडगेज आली आणि तिन्ही गेज एका स्टेशनात नांदले. १:८७ मध्ये ब्रॉडगेज खरं तर १९.३ मिलिमीटर भरतो, बहुतेक जण तयार मिळणारा १६.५ चा वापरतात. मीटरगेजला १२ चा आणि बार्शीच्या गाडीला ९ मिलिमीटरचा रूळ बरोबर बसतो. दोन ब्रॉडगेज लाइनींच्या मध्यांतलं अंतर ४.७२५ मीटर धरलं तर मॉडेलमध्ये ५४ मिलिमीटर होतं, म्हणजे दहा लाइनींचं यार्ड ६० सेंटिमीटरच्या फळीत मावतं. लांबीत मात्र काटछाट अटळ आहे: चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या जुन्या घडणीची २४ डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते, आठ डब्यांची इंजिन सोडून दोन मीटरच्या जरा वर भरते. क्रम लावताना ब्रॉडगेज मागे, मीटरगेज मधे आणि ९ मिलिमीटरची लाइन अगदी पुढच्या कडेला घ्यावी. तिचे डबे सगळ्यात हलके, रुळावरून सगळ्यात जास्त तेच उतरतात.