क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेत हलवताना: पात्रता, कागदपत्रं आणि खरा खर्च

कार्डावर 60,000 रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, असं धरू. एका महिन्याचं व्याज झालं 2,100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 378 रुपये. स्टेटमेंटवर मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भरा अशी रक्कम, पाच टक्क्यांच्या हिशेबाने 3,000 रुपये छापलेला असतो. तो वेळेवर भरला की लेट फी लागत नाही, वसुलीचा फोनही येत नाही. पण त्या 3,000 मधले 2,478 रुपये व्याज आणि जीएसटीत जातात. मूळ रकमेतून कमी होतात फक्त 522 रुपये. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसल्यामुळे नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

नागपुरात एप्रिलमध्ये कूलर-एसी, जूनमध्ये शाळेची फी आणि मधेच घरातलं लग्न आलं की पगारदार माणसाच्या कार्डावर एवढी रक्कम सहज साठते. अशा वेळी "तुमच्या दुसऱ्या कार्डाची थकबाकी आमच्याकडे घ्या, तीन महिने व्याज शून्य" असा फोन आला की जीव भांड्यात पडतो. ही ऑफर खोटी नसते. मात्र तिचे पैसे कुठे कुठे लागतात आणि जुन्या कार्डाचं पुढे काय करायचं, हे फोनवर क्वचितच कोणी नीट सांगतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

योजना काय आहे

बॅलन्स ट्रान्सफरमध्ये दुसरी बँक तुमच्या जुन्या कार्डाची थकबाकी भरते आणि तेवढी रक्कम तिच्या कार्डावर तुमच्या नावे टाकते. कर्ज तेवढंच राहतं, फक्त ज्या बँकेला पैसे द्यायचे ती बदलते आणि व्याजाचा दर काही काळासाठी उतरतो. याचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात 60 किंवा 90 दिवसांसारख्या ठरलेल्या मुदतीसाठी व्याज शून्य किंवा नाममात्र असतं. दुसऱ्यात रकमेचे 6, 12, 18 असे मासिक हप्ते पाडून दिले जातात आणि त्यांवर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी व्याज लागतं. कोणता प्रकार मिळतो आहे हे आधी विचारून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच अवलंबून असतो.

कोणाला मिळतं, काय लागतं

ज्या बँकेकडे रक्कम न्यायची तिचं कार्ड तुमच्या स्वतःच्या नावावर हवं आणि त्याचे पैसे तुम्ही वेळेवर भरत आलेले असावेत. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये ट्रान्सफर होत नाही. घरच्यांच्या नावाच्या ॲड-ऑन कार्डावरून किंवा कंपनीने दिलेल्या कार्डावरून सहसा अर्ज घेतला जात नाही. नव्या कार्डाची लिमिट पूर्ण वापरता येत नाही. तिच्यातला ठरावीक हिस्साच ट्रान्सफरसाठी मोकळा असतो. म्हणजे 60,000 रुपये हलवायचे आणि मोकळी लिमिट 65,000 असेल, तरी बँक पूर्ण रक्कम घेईलच असं धरून चालू नका. जुन्या कार्डाचे हप्ते दोन-तीन महिने चुकलेले असतील तर नकार येण्याची शक्यता जास्त. म्हणून हा अर्ज थकबाकीदार म्हणून नोंद होण्याआधी करायचा असतो.

दुसऱ्या बँकेचं कार्ड आधीपासून असेल तर कागदपत्रं जवळपास लागतच नाहीत. जुन्या कार्डाचा नंबर, बँकेचं नाव, ताजं स्टेटमेंट आणि हलवायची रक्कम एवढं पुरतं. अर्ज ॲपवर, नेट बँकिंगवर किंवा कस्टमर केअरला फोन करून होतो. कार्ड नवीनच काढायचं असेल तर पॅन, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, फोटो, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि खात्याचं स्टेटमेंट मागतात. इतवारी किंवा कळमन्यात स्वतःचा धंदा असेल तर पगाराच्या पावतीच्या जागी आयकर विवरणपत्र लागतं. नव्या कार्डासाठी एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे, नोंदली जाते आणि स्कोअर त्यामुळे खाली येऊ शकतो. अर्जाआधी आपला अहवाल पाहून घ्या. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात.

खर्चाचा हिशेब

व्याज शून्य असलं तरी प्रोसेसिंग फी असते. ती बहुतेक वेळा रकमेच्या एक-दोन टक्के असते आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. आपल्या 60,000 वर दोन टक्के म्हणजे 1,200, अधिक जीएसटी 216, एकूण 1,416 रुपये. 90 दिवस शून्य व्याजात महिन्याला 20,000 भरून तुम्ही मोकळे झालात, तर एवढाच खर्च. तेच 20,000 जुन्या कार्डावर दर महिन्याच्या शेवटी भरले असते तर तीन महिन्यांचं व्याज 2,100, 1,400 आणि 700 मिळून 4,200 झालं असतं, जीएसटीसह 4,956. म्हणजे 3,540 रुपये वाचले. ही बचत खरी आहे, पण महिन्याला 20,000 बाजूला निघणार असतील तरच. 91 व्या दिवशी जे उरलेलं असेल त्यावर नव्या कार्डाचा नेहमीचा दर सुरू होतो, आणि तोही जुन्या कार्डाच्या आसपासच असतो.

ज्यांना एवढे पैसे काढणं शक्य नाही त्यांच्यासाठी हप्त्यांचा पर्याय बरा. महिन्याला दीड टक्का घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच), 12 हप्ते, असा दर मिळाला तर हप्ता सुमारे 5,500 रुपये बसतो. वर्षभराचं व्याज 6,010, त्यावर जीएसटी 1,082 आणि प्रोसेसिंग फी 1,416, एकूण साधारण 8,500 रुपये. हीच रक्कम साडेतीन टक्क्यांनी जुन्या कार्डावर वर्षभरात फेडली असती तर व्याज आणि जीएसटी मिळून 17,100 च्या पुढे गेलं असतं. खर्च निम्म्यावर येतो.

यात एक ठिकाणी माणूस हमखास फसतो, ते म्हणजे फ्लॅट दर. "महिन्याला फक्त पाऊण टक्का" असं कोणी सांगितलं तर थांबून विचारा: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅटमध्ये हप्ते भरत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वरच मोजलं जातं. पाऊण टक्का फ्लॅट म्हणजे 12 हप्त्यांत 5,400 रुपये व्याज, आणि घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर महिन्याला सुमारे 1.35 टक्के, वर्षाला 16 टक्क्यांच्या वर जातो. तरीही कार्डाच्या दरापेक्षा तो स्वस्तच आहे, पण वर्षाला नऊ टक्के समजून सही करू नका. हप्ते मुदतीआधी फेडायचे ठरवले तर उरलेल्या मुद्दलावर फोरक्लोजरचा आकार लागतो. तो किती, हेही त्याच फोनवर विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज लावताच येत नाही, असं अजूनही काही जण खात्रीने सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. त्याच्या भरवशावर राहू नका.

अर्ज मंजूर झाल्यावर जुनं कार्ड

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एखाद्याचं स्टेटमेंट 5 तारखेला निघतं आणि ड्यू डेट 25 आहे. त्याने 18 तारखेला ट्रान्सफरचा अर्ज केला, मंजुरीचा मेसेज आला आणि तो निर्धास्त झाला. नवी बँक पैसे एनईएफटीने किंवा डीडीने पाठवते, त्याला काही दिवस लागतात. पैसे 30 ला पोचले तर जुन्या कार्डावर लेट फी लागते. ड्यू डेट तुमची आहे, नव्या बँकेची नाही. म्हणून अर्ज स्टेटमेंट निघाल्या निघाल्या करा, आणि पैसे पोचल्याचं दिसलं नाही तर ड्यू डेटच्या आधी मिनिमम ड्यू स्वतः भरून टाका. जास्तीची रक्कम कार्डावर जमा राहते, ती परत मागता येते.

आता पैसे वेळेवर, 20 तारखेला पोचले असं धरू. पुढच्या महिन्याच्या 5 ला जुन्या बँकेचं नवं बिल येतं, हजार-बाराशे रुपयांचं. "पैसे तर पूर्ण गेले, मग हे बिल काहून आलं?" असा प्रश्न पडतो आणि चूक समजून लोक ते भरत नाहीत. ती चूक नसते. 5 ते 20 या पंधरा दिवसांचं व्याज स्टेटमेंटमध्ये आलेलं नव्हतं. 60,000 वर दिवसाला सुमारे 69 रुपये, पंधरा दिवसांचे 1,036, जीएसटीसह 1,222. हे पैसे भरले नाहीत तर त्यावर लेट फी चढते आणि क्रेडिट अहवालात थकबाकी दिसते. त्यामुळे जुन्या कार्डाचं स्टेटमेंट शून्य दिसेपर्यंत ते उघडून पाहत राहा.

जुनं कार्ड ठेवायचं नसेल तर शून्य झाल्यावर बंद करण्याचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर बंद होईपर्यंत दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा. कार्ड ठेवलंच तर निदान त्यावर नवी खरेदी थांबवा. नव्या कार्डावरही ट्रान्सफर चालू असेपर्यंत भाजी-पेट्रोल घेऊ नका. तिथे बिनव्याजी मुदत मिळते की नाही, हे अटींमध्ये वाचल्याशिवाय कळत नाही.

फेडायला दोन-तीन वर्षं लागणार असं दिसत असेल तर बॅलन्स ट्रान्सफरच्या मागे लागू नका. ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनेतारण यांचं व्याज कार्डाच्या मानाने खूपच कमी असतं. त्यातून कार्ड एकदम मोकळं करणं जास्त शहाणपणाचं आहे.

फोन आणि तक्रारी

ट्रान्सफरसाठी नव्या बँकेला जुन्या कार्डाचा नंबर लागतो, सीव्हीव्ही, पिन किंवा जुन्या बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. फोनवर कोणी तो मागितला तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फी ठरल्यापेक्षा जास्त लावली, सांगितलेला दर दिला नाही, कार्ड बंद केलं नाही, अशी तक्रार आधी बँकेकडे लेखी करा आणि तक्रार क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत अर्ज घेऊन जायची गरज नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. सोबत ऑफरचा ईमेल किंवा मेसेज, दोन्ही कार्डांची स्टेटमेंटं आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार जोडा. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही आहे. बँकेचं मुख्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही नागपूरला राहत असाल तर तक्रार नागपूरच्या आयोगात करता येते.