मासे राहतात रीफवर, पण जेवतात कुठे?

2006 साली अमेरिकेने ओरिस्कनी नावाची आपली जुनी विमानवाहू नौका फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ मुद्दाम बुडवली. जवळपास 270 मीटर लांबीचं आख्खं जहाज, कशासाठी तर मासे राहायला यावेत म्हणून. समुद्रात मुद्दाम बुडवलेल्या किंवा रचलेल्या अशा आसऱ्याला कृत्रिम रीफ म्हणतात. आणि अशा ठिकाणी मासे खरंच येतात हो, लोखंडावर धड शेवाळ धरलेलं नसतं तेव्हाच बऱ्याचदा थवे घिरट्या घालायला लागतात. मग ही मंडळी खातात काय?

आपल्याला वाटतं रीफवर काहीतरी उगवतं आणि मासे ते खातात. थोडंफार खरंय ते. आधी बॅक्टेरियांचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचवाले छोटे जीव), स्पंज, शिंपले असं करत करत सगळा पत्रा भरून जातो, त्यात बारीक खेकडे-किडे लपतात आणि त्यांना टिपणारे मासे असतातच. पण मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर जातीचे मासे पकडून त्यांची पोटं तपासली तर त्यात बरंचसं खाणं रीफच्या बाहेरचं निघालं, वाळू-चिखलातलं आणि पाण्यात तरंगणारं. म्हणजे रीफ ही राहायची खोली, जेवायला बाहेर.

हे उघड्या डोळ्यांनीही दिसतं. 1960च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट जॉन बेटाजवळ काँक्रीटचे ठोकळे रचून एक रीफ केला होता. शाकाहारी मासे त्यात लपायचे आणि आजूबाजूचं समुद्री गवत खायचे, पण शिकाऱ्याच्या भीतीने लांब काही जायचे नाहीत, त्यामुळे रीफभोवती गोल टक्कल पडलं! भीतीचा नकाशाच म्हणा ना.

मला सगळ्यात भारी वाटतात ते प्लँक्टन खाणारे छोटे मासे. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून हे थव्याने उभे राहतात आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव मटकावतात, धोका दिसला की सुळकन भोकात. त्यांची विष्ठा खाली रीफवर पडते, ती दुसरं कोणीतरी खातं, उरलेल्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला मिळतं, आणि मोठे शिकारी तर या छोट्यांनाच गिळतात. म्हणजे उघड्या समुद्रातलं अन्न रीफवर आणून टाकणारे डिलिव्हरीवालेच हे, फक्त कधी कधी डिलिव्हरीवालाच जेवण होतो :)

पोट फाडून फक्त शेवटचं जेवण कळतं, तेही अर्धवट पचलेलं. म्हणून माशाच्या मांसाच्या तुकड्यातले आइसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मोजतात. जड नायट्रोजन शरीरात जरा जास्त राहतो, हलका बाहेर जातो, त्यामुळे अन्नसाखळीत एकेक पायरी वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण हजारात साधारण 3.4ने वाढतं, अर्थात ही सरासरी, प्रत्येक माशाला तंतोतंत लागू नाही. कार्बनवरून अंदाज येतो की अन्न मुळात तरंगत्या प्लँक्टनपासून आलं की तळाच्या शेवाळापासून. गेल्या काही आठवड्या-महिन्यांचं जेवण त्यात नोंदलेलं असतं.

एवढी उठाठेव कशाला, तर जुना वाद आहे की कृत्रिम रीफ मासे वाढवतात का नुसते आसपासचे गोळा करतात. जागेची टंचाई होती आणि खाणं मुबलक होतं तर रीफमुळे मासे खरंच वाढू शकतात. पण खाणंच कमी असेल तर नुसती घरं बांधून काय होणार, उलट सगळे मासे एका जागी आले की जाळी-गळवाल्यांचं काम सोपं. माझ्या मते दोन्ही होतं, कुठे कुठलं जास्त ते त्या त्या जागेवर.

आणि बोलावलेलेच पाहुणे येतील असंही नाही. मेक्सिकोच्या आखातात घुसलेला लायनफिश हा शिकारी मासा, मूळचा इंडो-पॅसिफिकचा (हिंदी आणि प्रशांत महासागरातला), उत्तर भागातल्या कृत्रिम रीफवर नैसर्गिक रीफपेक्षा कितीतरी दाट सापडला. अंगावर विषारी काटे, त्यामुळे त्याला खाणारे फारसे कोणी नाहीत, आणि तो मात्र तिथल्या छोट्या माशांवर आरामात ताव मारतो, कारण हा प्राणी घातक आहे हे त्यांना माहीतच नसतं.