विंडो बदलली की स्क्रीन का लुकलुकते?

ब्राउझरमधून स्प्रेडशीटवर जाताना स्क्रीन क्षणभर काळी पडते. कधी मागे गेलेल्या विंडोचा तुकडा कोपऱ्यात चिकटून राहतो, तर कधी सगळे चित्र एकदा लुकलुकते आणि मग स्थिर होते. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड गेले अशी शंका सर्वांत आधी येते, पण बऱ्याचदा कार्ड धडधाकट असते. एका प्रोग्रामचे चित्र उतरवून दुसऱ्याचे चढवण्याच्या कामात कुठेतरी ताळमेळ चुकलेला असतो. तो नेमका कुठे चुकला हे आधी ठरवावे आणि मगच सेटिंग्जना हात लावावा, नाहीतर दहा गोष्टी बदलूनही कशाने फरक पडला ते कळत नाही.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपली विंडो थेट स्क्रीनच्या सामायिक मेमरीत रंगवत असे. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला ‘तुझा भाग पुन्हा रंगव’ असा निरोप जाई. तो प्रोग्राम अडकलेला असला तर सरकणाऱ्या विंडोच्या प्रतिमांची रांगच मागे उरे. विंडोज व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. आता प्रत्येक विंडो स्वतःच्या वेगळ्या मेमरीत रंगते आणि ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ हा प्रोग्राम ती सगळी चित्रे एकावर एक रचून अंतिम दृश्य तयार करतो. अशा प्रोग्रामला कंपोझिटर म्हणतात. मॅकमध्ये तो २००१ पासून आहे आणि लिनक्सवर हेच काम म्युटर किंवा केविन (KWin) यांसारखे प्रोग्राम करतात. विंडोज ८ पासून तर तो बंदही करता येत नाही.

या रचनेला वेळ किती मिळतो ते पाहा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, मॉनिटरवर एका फ्रेमला (एका पूर्ण चित्राला) १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर जेमतेम ६.९. १९२० × १०८० स्क्रीनची एक फ्रेम सुमारे ८.३ मेगाबाइटची असते, फोरकेची सुमारे ३३. एकाच विंडोत काम चालू असताना दृश्याचा थोडासाच भाग बदलत असतो. ऑल्ट-टॅब दाबताच मात्र नव्या विंडोचे चित्र मेमरीतून आणणे, थरांचा क्रम बदलणे, कधी रिफ्रेश रेट (चित्र ताजे करण्याचा हा वेग) किंवा रंगांची पद्धत बदलणे हे सगळे एकदम अंगावर येते. एरवी दबून राहिलेला दोष म्हणूनच नेमका या वेळी दिसतो.

पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. खराब चित्र स्क्रीनवर असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो नंतर उघडून पाहा. त्यात बिघाड दिसला तर चूक चित्र रचताना किंवा त्याआधीच झाली आहे, म्हणजे संशय प्रोग्रामवर किंवा ड्रायव्हरवर (विंडोजला ग्राफिक्स चिपशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर). स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर चित्र रचून झाल्यानंतरच्या टप्प्यांकडे वळा: हार्डवेअरचे थर (त्यांच्याविषयी पुढे), केबल, मॉनिटर. लुकलुक क्षणभरच टिकत असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्याच वेळी मोबाइलवर बाहेरून स्लो मोशन व्हिडिओ घेऊन दोन्हींची तुलना करा. रेकॉर्डिंग सुरू होताच लुकलुक थांबली तर तोही एक धागा आहे, त्याचा उलगडा पुढे येईल.

दुसरी चाचणी खुद्द मायक्रोसॉफ्ट सुचवते. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकीच्या स्क्रीनबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर दोष बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरचा. बाकी सगळे लुकलुकते आणि टास्क मॅनेजर स्थिर राहतो, असे असेल तर एखादा प्रोग्राम विंडोजशी जुळत नाही असे समजावे.

प्रोग्रामवर संशय असेल तेव्हा ब्राउझर आणि चॅटचे प्रोग्राम आधी तपासा. यांतील कितीतरी प्रोग्राम आतून क्रोमियमवर (क्रोम ज्यावर उभा आहे त्या ब्राउझरवर) चालतात आणि आपले चित्र स्वतःच ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतात. क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ या भागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण असते. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. लुकलुक गेली तर दोषी सापडला, पण बटण कायमचे बंद ठेवू नका. व्हिडिओ उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडतो, लॅपटॉप तापतो, बॅटरी लवकर उतरते. ड्रायव्हर आणि ब्राउझर अद्ययावत करा, मग ते पुन्हा चालू करून पाहा.

पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या गेममधून बाहेर येताना एक-दोन सेकंद काळोख होतो, त्याचे कारण वेगळे. गेमचे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट डेस्कटॉपपेक्षा निराळा असेल तर मॉनिटरला नव्या सिग्नलशी जुळवून घ्यावे लागते आणि तेवढा वेळ तो काहीच दाखवत नाही. दोन्हीकडे आकडे सारखे ठेवा किंवा गेममध्ये ‘बॉर्डरलेस विंडो’ निवडा. एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त रुंद श्रेणी दाखवणारी पद्धत) चालू-बंद होतानाही हाच प्रकार घडतो.

आता त्या थरांकडे. विंडोत व्हिडिओ चालू असेल तर सेकंदाला ६० वेळा सगळे दृश्य नव्याने रचण्यात वीज वाया जाते. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये काही जादा हार्डवेअर थर ठेवलेले असतात. व्हिडिओ एका थरावर, बाकी डेस्कटॉप दुसऱ्यावर, आणि दोघांचे मिश्रण चित्र मॉनिटरकडे निघता निघता होते. याला मल्टिप्लेन ओव्हरले म्हणतात, विंडोज ८.१ पासून ही सोय आहे. कल्पना उत्तम आहे, पण व्हिडिओवर दुसरी विंडो आली की विंडोज त्याला त्या खास थरावरून उतरवून पुन्हा सामान्य रचनेत घेऊ शकते. नवे चित्र तयार होण्याआधी एक फ्रेम जरी थर रिकामा झाला तरी काळी चमक दिसते. दोन्ही मार्गांत रंगांचे गणित किंचित वेगळे असेल तर उजेड अचानक बदलल्यासारखा वाटतो. स्क्रीन रेकॉर्ड करताना विंडोज अनेकदा या थरांचा वापर थांबवते, म्हणून तेवढ्यापुरती लुकलुक नाहीशी होते.

व्हिडिओ चालू असतानाच त्रास होतो, किंवा वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर जोडल्यापासून तो सुरू झाला, ही याची खूण. आधी ड्रायव्हर अद्ययावत करा. मग दोन्ही मॉनिटरचे रिफ्रेश रेट सारखे किंवा पटीत ठेवा, जसे ६० आणि १२०. तरीही जात नसेल तर शेवटचा उपाय रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्याचा. ‘रेजएडिट’ (regedit) हा प्रोग्राम उघडून ‘एचकी लोकल मशीन’मध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डीडब्ल्यूएम या क्रमाने जा. डीडब्ल्यूएमची कळ आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. मग तिथे ‘ओव्हरले टेस्ट मोड’ हे तीन शब्द इंग्रजीत जोडून लिहिलेल्या नावाचे ३२ बिटांचे डीवर्ड (आकडा साठवणारी नोंद) तयार करून त्याचे मूल्य ५ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. एनव्हिडियाने आपल्या मदत विभागात याच कामाची तयार फाइल दिली होती. बदल मागे घ्यायचा तर ते डीवर्ड पुसून टाका.

लॅपटॉपवर काळ्या विंडोतून पांढऱ्या विंडोत गेल्यावर उजेड हळूहळू चढत-उतरत असेल तर तो बिघाड नव्हे. चित्रात गडद भाग जास्त असला की मागचा दिवा मंद करून वीज वाचवण्याची ती युक्ती आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने ब्राइटनेसखाली ‘मजकुरानुसार उजेड बदला’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच ‘व्हेरी-ब्राइट’ नावाने मिळते. इंटेलमध्ये जोडीला ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ असते. चित्र स्थिर असताना स्क्रीन स्वतःजवळच्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहते आणि ग्राफिक्स चिप विसावते. विंडो बदलताच चिपला जागे व्हावे लागते आणि काही मॉडेलांत तिथेच धक्का बसतो. ‘इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर’मध्ये सिस्टिमखालच्या पॉवर विभागात ते बंद करता येते.

ग्राफिक्सची मेमरी भरलेली असेल तर मागे गेलेल्या विंडोंची चित्रे मुख्य रॅममध्ये हलवली जातात. परत येताना ती पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने आणावी लागतात, आणि ही वाट तिसऱ्या पिढीत १६ लेनवर सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइटचीच असते. कार्डाची स्वतःची मेमरी याच्या कितीतरी पट वेगवान असते. विंडो आधी काळी किंवा जुनीच दिसून मग भरत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ पाहा. ती काठोकाठ असेल तर सेटिंग्ज बदलून उपयोग नाही, काहीतरी बंदच करावे लागेल.

ड्रायव्हरचा दोष असेल तर स्क्रीन काळी पडून दोन-तीन सेकंदांनी परतते. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिला नव्याने सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ४१०१ क्रमांक सापडला तर हेच घडले आहे. अडकलेली स्क्रीन सोडवायला विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकत्र दाबा. ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडी कामे तशीच राहतात. ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. पूर्ण सफाईसाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ सेफ मोडमध्ये चालवा. त्याआधी इंटरनेट तोडून ठेवा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःकडचा ड्रायव्हर बसवते.

लिनक्सवर एनव्हिडिया कार्ड आणि वेलँड (विंडो दाखवण्याची नवी पद्धत) या जोडीत जुनी फ्रेम मधेच चमकून जाण्याचा त्रास फार होता. ग्राफिक्स चिपचे रंगवणे संपण्याआधीच कंपोझिटर ते चित्र उचलत असे. २०२४ मध्ये ‘एक्स्प्लिसिट सिंक’ आले, ज्यात काम संपल्याचा इशारा मिळेपर्यंत कंपोझिटर थांबतो. त्यासाठी एनव्हिडिया ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा, एक्सवेलँड (जुने प्रोग्राम वेलँडवर चालवणारा दुवा) २४.१ आणि केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर त्याची ६.१ यांच्या आसपासच्या किंवा नव्या आवृत्त्या लागतात. यातली एक जुनी राहिली तरी लुकलुक कायम राहू शकते.

केबल पारखायला रिफ्रेश रेट ६० वरून ३० हर्ट्झवर आणा. त्रास गेला तर केबलला पूर्ण वेगाचा भार पेलत नाही, दुसरी लावून पाहा. आणि चौकोनी रंगीत ठिपके किंवा उभ्या रेघा संगणक सुरू होताना बायोसच्या (विंडोजच्या आधी येणाऱ्या) स्क्रीनवरही दिसत असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये शोध घेऊ नका. त्या वेळी ना कंपोझिटर चालू असतो, ना विंडोजचा ड्रायव्हर. मॉनिटर आणि केबल बदलूनही ते राहिले, तर कार्डाची मेमरी किंवा चिपच निकामी होऊ लागली आहे.