खोक्यावरचे ५० वॅट आणि बॅटरीचे १२ व्होल्ट : गाडीतल्या स्पीकर-अँपची पार्श्वभूमी

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून डेक (डॅशबोर्डमधला कार स्टिरिओ) घ्या किंवा ऑनलाइन मागवा, खोक्यावर '५० वॅट × ४' हा आकडा बहुतेक वेळा असतोच. त्याच डेकवर दारांमध्ये ६० वॅट आरएमएसचे (म्हणजे सलग पेलता येणाऱ्या वॅटचे) नवे, जड मॅग्नेटचे स्पीकर बसवले की बऱ्याच जणांची तक्रार येते, की आवाज वाढायचा सोडून उलट कमी झाला. तेव्हा डेकमध्ये बिघाड नसतो आणि स्पीकरमध्येही नसतो. अडचण गाडीच्या बॅटरीची आहे आणि ती जवळपास ७० वर्षे जुनी आहे. ती कुठून आली हे कळले, की कोणत्या स्पीकरला कोणता अँप (आवाजाचा सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

गाडीत रेडिओ विकण्याजोगा झाला तो १९३० मध्ये. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी तो बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. युरोपात १९३२ साली ब्लाऊपुंक्टने आपला रेडिओ आणला. तेव्हाच्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची होती, पण रेडिओतल्या व्हॉल्व्हना (काचेच्या नळ्यांना) दीडशे-दोनशे व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा संच गाडीत ठेवावा लागे. पुढे व्हायब्रेटर आला. ही एक थरथरणारी पट्टी होती. ती सेकंदाला शंभरेक वेळा सर्किट जोडे आणि तोडे, त्या तुटक करंटवर ट्रान्सफॉर्मर चाले आणि व्होल्टेज हवे तितके वाढे. पट्टी गुणगुणे, तिचे पॉइंट जळत, बॅटरीही बरीच खाई. तरी बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आधी वाढवायचा आणि मग त्यातून आवाज काढायचा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आजच्या महागड्या अँपच्या पोटात हीच युक्ती चालते.

मधल्या काळात ती हरवली, आणि हरवली ती ट्रान्झिस्टरमुळे. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला. त्याच सुमारास अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर आल्या. ट्रान्झिस्टर १२ व्होल्टवर थेट चालत असल्याने व्हायब्रेटर गेला, ट्रान्सफॉर्मर गेला, उष्णताही गेली. त्यांच्याबरोबर वाढवलेला दाबही गेला.

हिशेब सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट धरा. साध्या सर्किटमध्ये आवाजाची लाट मधल्या ७.२ व्होल्टपासून वर ७.२ आणि खाली ७.२ इतकीच हलू शकते. आरएमएसमध्ये, म्हणजे लाटेच्या परिणामकारक सरासरीत, ते ५.१ व्होल्ट झाले. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरला त्यातून जेमतेम सव्वातीन वॅट मिळतात, ४ ओहमला साडेसहा. घरच्या सिस्टीमला ८ ओहम आणि गाडीला ४ ओहम हा रिवाज का पडला, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. व्होल्ट वाढवता येत नसतील तर ओहम कमी करा आणि करंट जास्त ओढा.

टेप, बूस्टर आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्या

आपल्याकडे एकेकाळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीत रेडिओ असला तरी स्पीकर बहुधा एकच, डॅशबोर्डमध्ये. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. ती आपल्या गाड्यांत रुजली तेव्हा आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे चांगला डेक आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानातून यायचा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. बाकी काम देशी जोडणीवर चाले. टीडीए २००३ ही पाच पायांची आयसी (चिप) त्या काळातल्या मेकॅनिकांच्या हाताखालची. १४.४ व्होल्टवर ती ४ ओहमला ६ वॅट आणि २ ओहमला १० वॅट देते, तेही १० टक्के विकृती (आवाजाचे फाटणे) धरून. वरच्या हिशेबाशी हे जवळपास जुळते.

मग बूस्टर आले. डॅशबोर्डखाली लटकणारा, सरकत्या बटणांचा आणि नाचत्या दिव्यांचा डबा. डेकच्या स्पीकर-तारेतून आधीच फाटलेला आवाज घेऊन तो आणखी मोठा करायचा. दाब तोच १२ व्होल्टचा असल्याने स्वच्छ आवाज त्यातून मिळणे अवघडच होते.

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांची गोष्ट निराळी. ट्रकला २४ व्होल्ट, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर आजही टेप सर्रास खालच्या (बॉडीला जोडलेल्या) एका बॅटरीवरून घेतलेला दिसतो. चालतो, पण ती बॅटरी रोज थोडी रिकामी होत जाते आणि वरच्या बॅटरीवर जास्तीचा चार्ज पडतो. वरची बॅटरी पाणी उकळून संपवते, खालची कधी पुरती भरत नाही. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष अल्टरनेटरवर येतो. ट्रकला २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लावावा, किमान १० अँपिअरचा.

चौपट वॅट, आणि जळालेले डेक

१२ व्होल्टमधून जास्त काढायची दुसरी युक्ती म्हणजे ब्रिज जोडणी. स्पीकरच्या एकाच तारेला ढकलायचे सोडून दोन्ही तारांना दोन अँप उलट दिशेने ढकलतात. लाट दुप्पट, म्हणून वॅट चौपट : ४ ओहमला कागदावर २६, आयसीतली गळती वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २२. आजच्या जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये अशीच चार चॅनलची एक आयसी असते. मग खोक्यावरचे ५० कुठून येतात? आवाज इतका फाडायचा की लाट चौकोनी व्हावी. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. आकडा गणिताने खरा आहे, ऐकण्यासाठी निरुपयोगी आहे.

ब्रिजने एक जुनी सवय मात्र महाग करून ठेवली. पूर्वी स्पीकरची एक तार बॉडीला अर्थ केलेली असे. ब्रिज डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सुमारे ७ व्होल्ट कायम असतात. जुन्या जीपमध्ये किंवा पद्मिनीत नवा डेक बसवताना ती वजा तार बॉडीलाच राहिली, तर आउटपुट थेट शॉर्ट होते. आयसी बचावली तर नशीब. जुन्या गाडीत चारही स्पीकरना डेकपर्यंत स्वतंत्र दोन-दोन तारा ओढणे हाच उपाय. डेकच्या तारांत पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी पट्टी असलेली तार वजा.

वाढवलेला दाब परत आला तो १९७० च्या दशकात. अमेरिकेत जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये गाडीसाठी वेगळा अँप बनवला. पुढे अशा अँपमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय स्थिरावला : १२ व्होल्टचे सेकंदाला हजारो तुकडे, छोट्या कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरमधून २५-३० व्होल्ट अधिक आणि तितकेच उणे. व्हायब्रेटरचेच काम, फक्त पट्टीच्या जागी मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर). १९८३ च्या कॅडिलॅकसारख्या गाड्यांत बोसने प्रत्येक स्पीकरला वेगळा अँप फॅक्टरीतूनच दिला. आणि २००३ मध्ये अमेरिकेत सीईए-२००६ हे मानक आले : १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत, तेव्हा मिळतील ते वॅट. अँप घेताना हा उल्लेख शोधा. तो नसेल तर फ्यूज बघा. अँपवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो साधारण ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॅट आत घेतो. क्लास एबी (जास्त तापणारा जुना प्रकार) असेल तर त्यातले निम्म्याच्या थोडे वर, क्लास डी (कमी तापणारा, स्विचिंगचा प्रकार) असेल तर ८० ते ८५ टक्के बाहेर येतात. '२००० वॅट' छापलेल्या अँपला ३० चा फ्यूज दिसला, तर तो अँप शेल्फवर राहू द्या.

आता जोडी जमवताना

फॅक्टरीचे स्पीकर हलक्या कागदी कोनचे असतात आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज देतात. बाजारातले जड कोनचे स्पीकर तेवढ्याच वॅटवर हळू वाजतात. सुरुवातीची तक्रार ही. संवेदनशीलता (ठरावीक वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) ३ डेसिबलने कमी असेल तर तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणून अँप घ्यायचाच नसेल तर ९१-९२ डेसिबलचे हलके, जाड-बारीक सुरांचे दोन्ही स्पीकर एकाच चौकटीत असलेले कोअ‍ॅक्सियल घ्यावेत. ८७-८८ चे कंपोनंट (हे दोन स्पीकर वेगवेगळे असलेले) अँपशिवाय घेण्यात अर्थ नाही.

स्पीकर ६० वॅट आरएमएसचा असेल तर ४ ओहमला ६० ते ७५ वॅट आरएमएस देणारा चार चॅनलचा अँप योग्य. कमी वॅटचा अँप सुरक्षित, असे अनेक जण समजतात. अडचण अशी की तो पूर्ण उघडला की लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. आधी ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जातो. सबवूफर (फक्त बासचा मोठा स्पीकर) घेताना अँप किती ओहमपर्यंत चालतो ते पाहा. ४+४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा वूफर समांतर जोडला की २ ओहम होतो, आणि बहुतेक चार चॅनल अँप ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत.

जुने स्पीकर काढण्याआधी मीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. फॅक्टरी अँप असलेल्या गाडीत २ किंवा त्याहून कमी दिसू शकते, तिथे ४ ओहमचा स्पीकर लावला तर आवाज पडतो.

४ × ६० वॅटचा क्लास एबी अँप पूर्ण जोरात सुमारे ३२ अँपिअर ओढतो, क्लास डी २० च्या आसपास. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार धरा. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेत ३२ अँपिअरला १.१ व्होल्ट रस्त्यातच जातात, १० चौरस मिमीमध्ये पाव व्होल्टच्या थोडे वर, १६ मध्ये ०.१७. किटमधली जाड दिसणारी तार अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर एक माप मोठी घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. तो अँपसाठी नाही, तारेसाठी आहे : बोनेटखाली तार घासून बॉडीला लागली तर आग तिथेच थांबावी. अर्थची तार आखूड ठेवा, खालचा रंग पत्र्यापर्यंत घासा, सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी आली तर आधी हा अर्थ तपासा, फिल्टर नंतर. स्पीकरच्या तारा मात्र दरवेळी बदलायची गरज नाही. फॅक्टरीची ०.५ चौरस मिमीची तार ३ मीटरवर अर्धा डेसिबलही खात नाही.

दाराकडे इथे जास्त लक्ष द्यावे लागते. इगतपुरी-कसारा पट्ट्यातून पावसाळ्यात रोज जाणाऱ्या गाडीच्या दारात काचेवरून पाणी उतरतेच, आणि दाराचे पॅड काढताना आतला प्लास्टिक पडदा फाटला की ते थेट स्पीकरवर येते. कागदी कोन आणि स्पीकरखालची एमडीएफची (लाकडी भुशाच्या बोर्डची) रिंग दोन पावसाळ्यांत फुगतात. कोन पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, रिंग ७१० ग्रेडच्या मरीन प्लायची किंवा पीव्हीसी बोर्डची, १२ ते १८ मिमी. काच पूर्ण खाली करून खोली मोजा, मगच स्पीकर निवडा. बाहेरच्या पत्र्याला ब्यूटाइल शीट (थरथर शोषणारी चिकट शीट) लावा आणि आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करा. खाली पाणी निघायच्या भेगा मात्र उघड्या ठेवा. कोनच्या मागचा आवाज पुढच्याला मारतो म्हणून भोके बुजवायची. पार्सल ट्रेवरच्या सहा-बाय-नऊ इंची स्पीकरपेक्षा या कामाने बास जास्त सुधारतो.

गेन (डेकच्या सिग्नलशी जुळवण्याचा अँपवरचा नॉब) हे व्हॉल्यूम नव्हे. डेकचा आवाज तीन चतुर्थांश, सगळे टोन शून्यावर, फिल्टर बंद, स्पीकर काढलेले. शून्य डेसिबलचा (पूर्ण पातळीचा) ४०० हर्ट्झचा सूर लावा (स्वस्त मीटर १००० हर्ट्झवर चुकतात, सबसाठी ५० हर्ट्झ) आणि गेन हळूहळू वाढवत आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ : ६० वॅट ४ ओहमला १५.५ व्होल्ट, ७५ ला १७.३. तिथे थांबा. मग स्पीकर जोडून दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे सूर कापा. अँप सीटखाली असेल तर वर गालिचा नको. मे महिन्यात नाशिकच्या उन्हात उभ्या गाडीत तो सुरू होण्याआधीच तापलेला असतो.

नव्या गाड्यांत डेक काढताच येत नाही, कारण स्क्रीनमध्ये एसी, कॅमेरा सगळे असते. तिथे स्पीकर-तारेवरून घेतलेला हाय-लेव्हल इनपुट असणारा अँप आणि गाडीचाच कपलर वापरा, तार कापू नका. इलेक्ट्रिक गाडीतही अँप १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो. ती मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरने भरते, म्हणून गाडी 'रेडी' असतानाच मोठ्याने वाजवा, तार त्या १२ व्होल्टवरूनच फ्यूज लावून घ्या आणि नारिंगी वेष्टनाच्या तारांजवळून स्क्रूसुद्धा मारू नका.