पाच तासांत पाच वर्षं

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ एप्रिल २०१९मध्ये आला. त्यातल्या टाळ्या-शिट्ट्यांच्या जागा चाहत्यांना तोंडपाठ आहेत. थॉरचा हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हातात येतो ती एक, आणि शेवटच्या लढाईत, खलनायक थॅनॉसने एका चुटकीने नाहीशी केलेली माणसं हवेत दारं उघडून परत येतात ती दुसरी. त्या जागांवर माझ्याही अंगावर काटा येतो. पण माझा जीव अडकलाय तो स्कॉट लँगच्या, म्हणजे अँट-मॅनच्या, एका वाक्यात. क्वांटम रेल्म या अणूहूनही लहान जगातून बाहेर पडलेला स्कॉट सांगतो की जगात पाच वर्षं उलटली, पण मला तिथे पाचच तास झाले.

या वाक्याची मजा अशी, की त्यावर चक्क गणित मांडता येतं. पाच वर्षांचे तास होतात सुमारे ४३,८३०. त्याला पाचाने भागलं की उत्तर येतं ८,७६६. म्हणजे स्कॉटचं घड्याळ जगाच्या घड्याळापेक्षा ८,७६६ पट हळू चाललं. आइन्स्टाइनच्या १९०५च्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, त्यामुळे एवढ्या फरकासाठी किती वेग लागेल तेही काढता येतं. उत्तर आहे प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९९९९९३५ टक्के. प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. स्कॉट त्याच्या जेमतेम दोन मीटर मागे राहायला हवा. झपझप चालणारा माणूस सेकंदाला जेवढं अंतर कापतो, तेवढाच काय तो फरक!

हे अशक्य वाटत असेल, तर जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राकडे बघा. तिथे २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉन फिरवतात. ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनचं घड्याळ आपल्यापेक्षा सुमारे ७,२५० पट हळू चालतं. असा एक प्रोटॉन सलग पाच वर्षं फिरवत ठेवला, तर त्याच्या लेखी सहा तास होतील. स्कॉटचे पाच, प्रोटॉनचे सहा! पटकथेतला आकडा बहुधा नाट्यासाठीच निवडला असेल, पण तो खऱ्या यंत्राच्या इतका जवळ जाऊन पडलाय की मला त्याचं अजून अप्रूप वाटतं.

अडचण ऊर्जेची आहे. प्रोटॉन नगण्य वजनाचा, आणि सत्तर किलोच्या माणसाला तोच वेग द्यायचा तर आजच्या हिशेबाने सगळ्या जगाला नव्वदएक वर्षं पुरेल इतकी ऊर्जा लागेल. त्यामुळे माणसांच्या वाट्याला आलेला भविष्यातला प्रवास अगदी चिमूटभर आहे. रशियाचे अंतराळवीर गेन्नादी पडाल्का यांनी पाच मोहिमा मिळून ८७८ दिवस पृथ्वीभोवती काढले, आणि तेवढ्यात ते सुमारे ०.०२ सेकंद भविष्यात गेले. आकडा लहान आहे, पण प्रवास शंभर टक्के खरा आहे.

क्वांटम रेल्मबाबत मात्र माझं चित्रपटाशी भांडण आहे. एखादी गोष्ट आकाराने लहान झाली म्हणून तिचं घड्याळ हळू चालत नाही. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, ज्या प्लँक पातळीचा उल्लेख करतो, तिथली लांबी म्हणजे एका मीटरच्या अपूर्णांकात दशांशचिन्हानंतर चौतीस शून्यं. त्या पातळीवर अवकाश आणि काळ यांचं काय होतं हे सांगणारा सिद्ध झालेला सिद्धांत आज कुणाकडेच नाही. पटकथालेखकांनी आपलं दार नेमकं तिथेच बसवलं. यात विज्ञान कमी आणि चातुर्य जास्त आहे, पण चातुर्यालाही दाद द्यायला हवी.

आता भूतकाळ. नाहीशी झालेली माणसं परत आणण्यासाठी चित्रपटातले नायक इन्फिनिटी स्टोन नावाचे जादूचे दगड गोळा करायला तिथेच जातात, आणि खरा पेचही तिथेच आहे.

मागे जाण्याची वाट समीकरणांत सापडते. कुर्ट ग्योडेल यांनी १९४९मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर शोधलं, की त्यातल्या फिरत्या विश्वात पुढे पुढे जात राहिलेला प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचतो. आपलं विश्व तसं फिरत असल्याची काही खूण नाही. १९८८मध्ये किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्याचं, कालयंत्र कसं करता येईल ते मांडलं. १९९२मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी निसर्गाचे नियमच असं यंत्र होऊ देत नसावेत, असा अंदाज मांडला. हा वाद मिटलेला नाही.

समजा, गेलोच मागे. मग? आपल्याच आजोबांना लहानपणी मारलं तर आपण जन्मणार कसे, आणि जन्मलोच नाही तर मारलं कुणी? बहुतेक चित्रपट इथे सोपी पळवाट काढतात. नायक फोटोतून पुसट होत जातो, वर्तमान हळूहळू बदलतं. ‘एंडगेम’मध्ये हल्क या कल्पनेला सरळ खोडून काढतो. भूतकाळात गेलास की तो तुझा पुढचा काळ होतो आणि तू सोडून आलेलं वर्तमान तुझा मागचा काळ, त्यामुळे ते आता बदलता येत नाही, हे त्याचं म्हणणं.

आणि चित्रपट हे नुसतं बोलून थांबत नाही. थॅनॉसची मुलगी नेब्युला आठवा. २०१४मधली नेब्युला २०२३मध्ये आलेली असते आणि मोठी नेब्युला तिच्यावर गोळी झाडते. स्वतःच्याच तरुण रूपावर! धाकटी कोसळते. मोठी तिथेच उभी राहते, नाहीशी होत नाही. आजोबांचा पेच याहून उघडपणे पडद्यावर कसा दाखवणार?

ती का उरते, याचं उत्तर टोनीच्या तोंडून आधीच येऊन गेलेलं असतं. भरभर बोलताना तो डॉइच हे नाव घेतो. डेव्हिड डॉइच हे खरे भौतिकशास्त्रज्ञ. १९९१च्या त्यांच्या शोधनिबंधात हा पेच माणसाऐवजी कणाला घालून बघितलाय. एक कण घ्या, त्याच्या दोनच अवस्था, ‘आहे’ आणि ‘नाही’. तो काळात मागे जातो आणि स्वतःचीच अवस्था उलटी करतो. ‘आहे’पासून सुरुवात केली तर ‘नाही’ होतो, ‘नाही’पासून केली तर ‘आहे’. नेहमीच्या तर्काने हे कधीच जुळत नाही. पण पुंजभौतिकीत अर्धं ‘आहे’ आणि अर्धं ‘नाही’ असं मिश्रणही चालतं. ते उलटं केलं तरी अर्धं-अर्धंच राहतं. विसंगती संपली! डॉइच याचा अर्थ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७च्या अनेक विश्वांच्या कल्पनेतून लावतात. प्रवासी एका विश्वातून निघतो आणि दुसऱ्याच विश्वाच्या भूतकाळात पोचतो. मेलेली नेब्युला वेगळ्या फांदीतली, म्हणजे वेगळ्या विश्वातली होती.

हे सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना पटलेलं नाही. पण २०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात डॉइच यांच्या कणाची नक्कल फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, वापरून करून बघितली गेली. कुठलाही फोटॉन मागे गेला नाही, दोन फोटॉनांच्या मदतीने गणित तेवढं तपासलं गेलं. तरी तेवढ्यावरही मी खूश आहे.

इन्फिनिटी स्टोन उचलला तरच नवी फांदी फुटते, हे चित्रपटातल्या एन्शंट वन या जादूगाराचं स्पष्टीकरण मात्र यात बसत नाही. एव्हरेटच्या कल्पनेत फांद्या फुटायला कुठल्याही जादूच्या दगडाची गरज नसते.

शेवटी ते बाकडं. दगड परत ठेवायला भूतकाळात गेलेला स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, म्हातारा होऊन तिथे येऊन बसतो आणि चाहत्यांचं भांडण सुरू होतं. दिग्दर्शक रूसो बंधू म्हणतात, तो दुसऱ्या टाइमलाइनमध्ये आयुष्य काढून परत आला. पटकथालेखक मार्कस आणि मॅकफिली म्हणतात, तो आधीपासून याच टाइमलाइनमध्ये होता. हे दुसरं उत्तर इगोर नोविकोव यांच्या विचाराशी जुळतं. त्यांच्या मते इतिहास एकच, तो बदलता येत नाही, आणि तुमचा प्रवास आधीच त्यात जमा असतो.

दोन्ही उत्तरं भौतिकशास्त्रात मांडली गेली आहेत, पण एका चित्रपटात दोन्ही राहू शकत नाहीत. थॅनॉस २०१४मधून येऊन २०२३मध्ये मरतो, तरी २०१८मध्ये त्याने वाजवलेली चुटकी पुसली जात नाही. इतिहास एकच असता तर हे घडलंच नसतं. म्हणून माझं मत रूसो बंधूंना. मग त्या दुसऱ्या फांदीत तिथला मूळचा स्टीव्ह दुसऱ्या महायुद्धापासून बर्फात गोठलेला असणार, आणि तो कुठे आहे हे आपल्या स्टीव्हला जुनी प्रेयसी पेगीशी संसार करताना अगदी नीट ठाऊक असणार. त्याला त्याने बाहेर काढलं की नाही, यावर मला एक अख्खा चित्रपट हवाय.