दीर्घिकांच्या परिवलनाचे मापन

दीर्घिकेतील तारे आणि वायू केंद्रापासून किती अंतरावर किती वेगाने फिरतात, हे त्यांच्याकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशावरून व रेडिओ लहरींवरून ठरवण्याची पद्धत. केंद्रापासूनचे अंतर आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला की मिळणाऱ्या आलेखाला परिवलन वक्र म्हणतात.

दीर्घिका फिरताना डोळ्यांना दिसत नाही. सूर्य सेकंदाला २०० किमी.हून अधिक वेगाने आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, तरी त्याच्या एका फेरीला २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. काही वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवून हे फिरणे पकडण्याचा प्रयत्न आड्रियान व्हान मानेन यांनी १९१६ मध्ये केला. एम १०१ हा सर्पिल तेजोमेघ (दीर्घिकांना तेव्हा असे म्हणत) लाखभर वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, असे त्यांचे मोजमाप सांगत होते. पुढे या तेजोमेघांची खरी अंतरे कळली, तेव्हा हे मोजमाप खरे मानायचे तर वेग अशक्य कोटीतला निघतो, हे स्पष्ट झाले. चूक मोजण्यात होती. म्हणून भिस्त राहिली ती डॉप्लर परिणामावर : जवळ येणाऱ्या वायूची वर्णरेषा (त्याच्या वर्णपटातील ठराविक रंगाची रेषा) निळ्या बाजूला सरकते, दूर जाणाऱ्याची तांबड्या बाजूला.

वर्णपटदर्शकाची अरुंद फट दीर्घिकेच्या लांब अक्षावर बसवली, की फटीच्या एका टोकाला जवळ येणारी बाजू येते आणि दुसऱ्या टोकाला दूर जाणारी. त्यामुळे वर्णरेषा सरळ न उमटता तिरपी उमटते. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१४ मध्ये सोम्ब्रेरो दीर्घिकेच्या वर्णपटात हा तिरपेपणा पाहिला. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या प्रकाशाला फार कमी दाद देत. १९१७ मध्ये फ्रान्सिस पीज यांनी देवयानी दीर्घिकेचा असा एक वर्णपट घेतला, तेव्हा एकाच पट्टीवर तीन महिन्यांत मिळून ७९ तास प्रकाश साठवावा लागला, आणि एवढे करूनही हाती आला तो केवळ गाभा.

मिळालेला वेग थेट वापरता येत नाही. देवयानी दीर्घिका सबंधच्या सबंध सेकंदाला सुमारे ३०० किमी. वेगाने आपल्याकडे येत आहे. तिची नैर्ऋत्येकडची बाजू सेकंदाला ५०० किमी.च्या आसपास वेगाने जवळ येताना दिसते, तर ईशान्येकडची १०० किमी.हूनही कमी वेगाने. हे ३०० वजा केल्यावर उरते ते परिवलन. शिवाय डॉप्लर परिणाम फक्त दृष्टिरेषेतला वेग सांगतो. तबकडी अगदी समोरून दिसत असेल, तर ती कितीही वेगाने फिरली तरी रेषा सरकत नाही. (एम १०१ जवळजवळ अशीच आहे.) त्यामुळे तबकडीचा कल (अगदी समोरून दिसणारी तबकडी म्हणजे ०°) काढावा लागतो, तो बहुधा तिच्या लंबगोलाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून, आणि मोजलेल्या वेगाला त्या कोनाच्या साइनने भागावे लागते. मोजलेला वेग १०० असेल, तर ३०° कल धरल्यास खरा वेग २०० येतो, २५° धरल्यास सुमारे २३७. तबकडी जितकी समोरून दिसेल तितकी ही चूक महागात पडते.

दृश्य प्रकाशात मुख्यतः हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा वापरतात. तरुण, तप्त ताऱ्यांभोवतीचा आयनीभूत (इलेक्ट्रॉन सुटे झालेला) वायू ती उत्सर्जित करतो. सेकंदाला २०० किमी. वेग असेल तर ती ०.४४ नॅनोमीटर सरकते. तपशील बारीक मिळतो, पण असे तारे संपले की ही रेषाही संपते. थंड, उदासीन हायड्रोजन मात्र ताऱ्यांच्या तबकडीबाहेर बराच दूर पसरलेला असतो. तो २१ सेंमी. लांबीची रेडिओ लहर सोडेल, असे भाकीत हेंड्रिक व्हान ड हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले आणि १९५१ मध्ये ती लहर सापडली. तिची कंप्रता १,४२०.४ मेगाहर्ट्झ, २०० किमी. वेगाला ती सुमारे ०.९५ मेगाहर्ट्झने बदलते. दीर्घिकेतली धूळ तिला अडवत नाही.

अडचण आहे ती तपशिलाची. २५ मीटर व्यासाच्या एकट्या डिशला २१ सेंमी. लहरींवर अर्ध्या अंशाहून लहान काही वेगळे दिसत नाही, म्हणजे पूर्ण चंद्राएवढा आकाशाचा तुकडा तिच्या लेखी एकच ठिपका. नेदरलँड्समधील वेस्टरबोर्कसारख्या अनेक डिश जोडलेल्या दुर्बिणींनी ही मर्यादा बरीच ओलांडली. तरीही केंद्राजवळ, जिथे वेग झपाट्याने वाढतो, तिथे शेजारशेजारचे वेग एकमेकांत मिसळून वक्राची चढण खोटीच मंद दिसते. त्यामुळे आतला भाग दृश्य प्रकाशातून आणि बाहेरचा रेडिओतून घेऊन वक्र जोडण्याचा प्रघात आहे. कडेला तबकडी अनेकदा मुरडलेली असते. अशा वेळी एकच कल न धरता दीर्घिका वेगवेगळ्या कलांच्या वर्तुळाकार कड्यांची बनलेली मानतात.

जवळजवळ सगळे वस्तुमान सूर्यात असल्याने ग्रहांचे वेग सूर्यापासून दूर जाताना घटतात : बुध सेकंदाला ४७ किमी., नेपच्यून ५.४ किमी. दीर्घिकेतही प्रकाश विरळ होत जातो तसा वेग घसरेल, अशी अपेक्षा होती. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानीतील ६७ आयनीभूत वायूमेघांचे वेग प्रसिद्ध केले; बाहेरच्या भागात अपेक्षित घसरण दिसली नाही. सपाट वक्राचे श्रेय लोकप्रिय लेखनात बहुधा एकट्या रुबिन यांना दिले जाते. ते अपुरे आहे. दृश्य प्रकाशातले वक्र ताऱ्यांच्या तबकडीतच संपत असल्याने त्यांचा सपाटपणा बऱ्याच अंशी दिसणाऱ्या द्रव्यानेच समजावता येत होता. कोंडी झाली ती रेडिओमुळे. मॉर्टन रॉबर्ट्स यांची देवयानीची निरीक्षणे आणि आल्बर्ट बॉस्मा यांचा १९७८ चा वेस्टरबोर्कवरील प्रबंध यांनी ताऱ्यांपलीकडेही वक्र खाली येत नसल्याचे दाखवले. एनजीसी ३१९८ या दीर्घिकेत सेकंदाला सुमारे १५० किमी. हा वेग केंद्रापासून लाखभर प्रकाशवर्षांपर्यंत टिकतो. वेग तोच राहून अंतर दुप्पट झाले, तर आत सामावलेले वस्तुमानही दुप्पट असले पाहिजे, आणि तिथे तारे तर जवळजवळ नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञ याचे कारण कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारे अदृश्य द्रव्य, मानतात. मोर्दहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये गतीचा नियमच बदलण्याचा पर्याय मांडला.

आता एका फटीऐवजी दीर्घिकेच्या शेकडो बिंदूंचे वर्णपट एकदम घेतले जातात. मॅंगा या सर्वेक्षणाने सुमारे १०,००० दीर्घिका अशा मोजल्या. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना मात्र ही रीत नीट लागू पडत नाही. त्यांच्यात थंड वायू फारसा नसतो आणि तारे एका दिशेने फिरण्यापेक्षा सैरावैरा अधिक धावतात. तिथे वर्णरेषा किती सरकली यापेक्षा ती किती रुंदावली, हे पाहावे लागते.